स्वतःचंच विसर्जन करणारा पक्ष

‘तुम्ही नेमके कोणाचे?’ असं हल्ली कुणी विचारलं की मी गप्प बसतो. मत देतो, पण ज्याला दिलं त्या पक्षाला ‘आपला’ म्हणवत नाही; आणि कुणाचंच नसण्यातलं एकटेपणही सोसवत नाही. म्हणूनच असेल, मी रॉयवाद्यांच्या इतिहासाकडे पुन्हा पुन्हा वळतो. आपल्याकडे पक्ष फुटतात, विलीन होतात, चिन्हासाठी कोर्टात जातात. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाने मात्र डिसेंबर १९४८च्या कलकत्ता अधिवेशनात स्वतःचंच विसर्जन केलं.

रॉय म्हणजे पक्ष ही चीज कोळून प्यायलेला माणूस. मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्षाची उभारणी, वसाहतींच्या प्रश्नावर थेट लेनिनशी वाद, १९२९मध्ये कॉमिन्टर्नमधून हकालपट्टी, १९३१मध्ये मुंबईत अटक, पाचेक वर्षं तुरुंग, मग काँग्रेस आणि १९४०मध्ये तिथूनही बाहेर. आधी फॅसिझमचा पराभव, असं म्हणत त्यांनी महायुद्धात ब्रिटिशांना पाठिंबा दिला, बेचाळीसच्या आंदोलनाला विरोध केला. १९४६च्या निवडणुकीत पक्षाचा धुव्वा उडाला. मग विसर्जन म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट, नाही का? मला हे पटत नाही. गावोगावच्या लोकसमित्यांवर उभ्या राज्यघटनेचा मसुदा रॉय यांनी १९४४मध्येच मांडला होता. पक्ष लोकांच्या वतीने सत्ता मिळवतो आणि ती लोकांपर्यंत पोचतच नाही, हे त्यांचं दुखणं होतं. शिवाय हरलेला पुढारी सहसा दुसरा पक्ष काढतो.

विसर्जनानंतर माणसं कुठे गेली, हा माझा खरा प्रश्न. सासवडचे बॅरिस्टर वि. म. तारकुंडे १९४२मध्ये वकिली सोडून पक्षात आले होते, सरचिटणीस झाले होते. ते पुन्हा कोर्टात गेले, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना वाईची प्राज्ञपाठशाळा होती, नंतर मराठी विश्वकोशाचं काम आलं. (तेही सरकारी मंडळातर्फे, पक्ष सुटला तरी सत्तेची सावली सुटते असं नाही.) पण ज्या साध्या कार्यकर्त्याला ना कोर्ट होतं ना पाठशाळा, त्याचं काय? पक्ष म्हणजे त्याच्यासाठी नुसता विचार नसतो. संध्याकाळी जायचं ठिकाण, अडीनडीला धावणारी चार माणसं, जामिनाला उभा राहणारा कुणीतरी, हेही पक्षच देतो. रॉय यांच्या बावीस सूत्रांत माणसाच्या स्वातंत्र्याचा खोल विचार आहे. ही ऊब कुठून आणायची ते मला त्यांत सापडत नाही. डेहराडूनच्या अभ्यासशिबिरांनी ती थोडीफार दिली असेल, पण शिबिर संपतं.

पक्षविरहित लोकशाही मांडणाऱ्या जयप्रकाशांच्याच आशीर्वादाने १९७७मध्ये जनता पक्ष उभा राहिला. आणीबाणीविरुद्ध त्यांच्या बरोबरीने लढलेले तारकुंडे त्यात गेले नाहीत. त्याच वर्षी ते आंध्रात नक्षलवादी म्हणून चकमकींत मारल्या गेलेल्यांची चौकशी करणाऱ्या नागरी समितीचे अध्यक्ष होते.