पाणीपातळी मापन, तलाव व जलाशयांतील (ठाणे-कल्याण परिसर)

तलावातील किंवा धरणाच्या जलाशयातील पाण्याचा पृष्ठभाग ठरलेल्या आधारतलापासून किती उंचीवर आहे, हे नेमाने मोजून नोंदवण्याची पद्धत. पातळीवरून साठा काढतात आणि साठा पाहून पाणीकपात, विसर्ग व पूरइशारा यांबाबत निर्णय घेतात.

आधारतल : बदलापूरजवळचे औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण ७२.६० मीटर पातळीला पूर्ण भरते. ही पाण्याची खोली नव्हे, तर आधारतलापासूनची उंची होय. अभियंते तिला तलांक म्हणतात. सर्वसाधारणपणे समुद्राची सरासरी पातळी शून्य धरली जाते. मुंबई महापालिका मात्र विहार, तुळशी या तलावांच्या पातळ्या ‘टाऊन हॉल डेटम’ या स्थानिक आधारतलावरून देते. त्यामुळे दोन जलाशयांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी त्यांचा आधारतल एकच आहे का, ते पाहावे लागते.

साधने : सर्वांत साधे साधन म्हणजे सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली मोजपट्टी. उतरत्या काठावर अशा पट्ट्या टप्प्याटप्प्याने रोवतात. वरच्या पट्टीचे खालचे टोक आणि खालच्या पट्टीचे वरचे टोक थोडे एकमेकांसमोर ठेवतात, म्हणजे पाणी उतरताना मधली नोंद सुटत नाही. वाऱ्याने लाटा उठत असतील, तर लाटेचा माथा व तळ यांच्या मधला आकडा घेतात. काही ठिकाणी जलाशयाशी नळाने जोडलेल्या विहिरीत तरंगता गोळा सोडतात. आत पाणी संथ असल्याने नोंद स्थिर मिळते. दाबमापक व रडार संवेदकांमुळे अखंड स्वयंचलित नोंद शक्य झाली आहे.

पातळी व साठा : जलाशय तळाशी अरुंद आणि वर रुंद असल्याने वरच्या प्रत्येक मीटरमध्ये अधिक पाणी मावते. बारवीची पूर्ण संचय पातळी ६८.६० वरून ७२.६० मीटर झाली, तेव्हा क्षमता सुमारे २३४ वरून ३४०.४८ दशलक्ष घनमीटर (सुमारे १२ टीएमसी) झाली. म्हणजे एकूण साठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा वरच्या चार मीटरमध्येच आहे. या पट्ट्यात पातळी वाचताना एका सेंटिमीटरची चूक झाली, तर हिशेबात सरासरी सुमारे २६ कोटी लिटरचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक जलाशयासाठी पातळी व साठ्याचा स्वतंत्र तक्ता करतात.

नदीवरील नोंद : बारवीतून सोडलेले पाणी उल्हास नदीत येते व जांभूळ येथे उचलले जाते. कल्याण-डोंबिवलीचा पाणीपुरवठाही मुख्यतः उल्हासवर आहे. बदलापूर येथे नदीची धोका पातळी १७.५० मीटर धरली जाते. पावसाळ्यात खालच्या गावांना इशारा देण्यासाठी याच नोंदीकडे लक्ष असते.

शहरी तलाव : ठाण्यातील मासुंदा, उपवन, कचराळी किंवा कल्याणचा काळा तलाव यांसारख्या बांधीव काठाच्या तलावांत काठावर कायम खूण करून तिच्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर फितीने मोजले, तरी उपयुक्त नोंद होते. उन्हाळ्यातील घट, पावसातील भर आणि तलाव काठाबाहेर वाहण्याची शक्यता तिच्यावरून कळते.

मर्यादा : गाळ साचला, तर पट्टीवरचा आकडा तोच राहूनही साठा घटतो आणि जुना तक्ता फसवा ठरतो. त्यासाठी ठरावीक काळाने तळाचे सर्वेक्षण करून तक्ता सुधारावा लागतो. महाराष्ट्रात नाशिकची ‘मेरी’ ही संस्था दूरसंवेदनाने जलाशयांतील गाळाचा अंदाज घेते.