अब्दुल-मलिक, अहमद
अब्दुल-मलिक, अहमद : (१९२७–१९९३). अमेरिकन जॅझ वादक. जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे. आपले वडील सुदानी असल्याचे ते सांगत. मात्र त्यांचे आईवडील कॅरिबियनमधील सेंट व्हिन्सेंट बेटावरून आले होते, असे पुढील संशोधनात आढळले. डबल बेस हे खर्जातील मोठे तंतुवाद्य वाजवणारे म्हणून त्यांनी थेलोनिअस मंक या पियानोवादकाला १९५७-५८ मध्ये साथ केली. तथापि त्यांचे खरे वेगळेपण ऊद या आखूड मानेच्या, पडदे नसलेल्या अरबी तंतुवाद्याच्या वादनात आहे. त्यांच्या ‘जॅझ सहारा’ (१९५८) या ध्वनिमुद्रिकेत जॉनी ग्रिफिन यांच्या सॅक्सोफोनसोबत कानून (मांडीवर ठेवून छेडण्याचे बहुतंतू वाद्य), व्हायोलिन व दरबुका हे चर्मवाद्य वाजते. अरबी संगीतातील मकाम, म्हणजे ठरावीक स्वरसमूह आणि चलन असलेली, काहीशी रागासारखी स्वरव्यवस्था, अर्ध्या व पूर्ण स्वरांच्या मधली अंतरेही वापरते. पियानोच्या पक्क्या पट्ट्यांवर ती वाजत नाहीत आणि जॅझमधील भराभर बदलणारे स्वरमेळही मकामला मानवत नाहीत, त्यामुळे या ध्वनिमुद्रिकेत पियानोला स्थान नसणे सुसंगतच ठरते. ग्रिफिन मात्र आपल्या नेहमीच्या ब्लूज वळणानेच वाजवतात, म्हणून दोन्ही परंपरा येथे एकजीव होण्यापेक्षा शेजारी उभ्या राहिल्यासारख्या वाटतात. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या १९६१ मधील व्हिलेज व्हॅनगार्ड या न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबमधील ‘इंडिया’ या रचनेच्या ध्वनिमुद्रणातही अब्दुल-मलिक यांचा सहभाग होता. तेथे त्यांच्या नावावर ऊद नोंदलेले असले, तरी ऐकू येणारा अखंड आधारस्वर तंबोऱ्याचा असावा, असे मानले जाते.