मुरूड-काशीद किनारा
रायगड जिल्ह्यातील मुरूड तालुक्याचा अरबी समुद्रावरील पर्यटनप्रसिद्ध किनारा. अलिबागच्या दक्षिणेस असलेल्या काशीदला पांढरट वाळूची लांब पुळण, मागे सुरूचे बन आणि सुट्ट्यांत पॅरासेलिंग, जेट-स्की, बनाना बोट यांची गर्दी असते. पाणी निवळ दिसले तरी उतार तीव्र आणि लाटा जोरकस असल्याने येथे पोहणे जोखमीचे. बुडून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत.

इथले प्रसिद्ध बेट मात्र विश्रांतीचे नव्हे, लढाऊ आहे. राजपुरी खाडीच्या मुखाशी असलेल्या सिद्दी शासकांच्या जंजिरा किल्ल्याचे तट थेट पाण्यातून उठतात, पुळण नाहीच. राजपुरीहून शिडाच्या होडीने जाता येते; पावसाळ्यात मात्र होड्या बंद असतात. चोहीकडे खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. मराठ्यांना हा किल्ला कधीच घेता आला नाही. त्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग उभारला.

किनाऱ्यामागच्या डोंगरात फणसाड अभयारण्य (1986) आहे. एकेकाळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचे शिकारीचे रान असलेल्या या जंगलात बिबट्या, सांबर, भेकर व शेकरू आढळतात. शेकरू पाहायचा तर सकाळी लवकर जावे.