तळटीप : रजेवरचा बंदी

१. रजेवरचा बंदी : शिक्षा चालू असताना ठरावीक मुदतीसाठी घरी सोडलेला कैदी. महाराष्ट्रात ही रजा दोन प्रकारची. ‘संचित’ म्हणजे फर्लो. तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. ‘अभिवचन’ म्हणजे पॅरोल. तिचे दिवस धरले जात नाहीत, ते पुढे भोगावे लागतात. आईवडिलांचा मृत्यू, मुलीचे लग्न, घरातले गंभीर आजारपण अशा प्रसंगी अभिवचन रजा मिळते. त्यासाठी जामीनदार लागतो, आणि मुदत संपताच तुरुंगात हजर व्हावे लागते. वृत्तपत्रांतला ‘पॅरोलवर सुटलेला’ हा प्रयोग म्हणूनच येथे टाळला आहे. या माणसाची सुटका अजून व्हायची आहे, आणि परत जाण्याचा शब्द त्याने दिलेला आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. — संपादक