सोनगीर आणि पांच मैलांची मर्यादा

सोनगीर हें गांव धुळ्याच्या उत्तरेस सुमारें बारा मैलांवर मुंबई-आग्रा रस्त्यालगत आहे. तेथील डोंगरी किल्ला व तांब्यापितळेचीं भांडीं घडविणारे तांबट यांमुळें खानदेशांत त्याचें नांव सर्वांस परिचित आहे. तेथें नोकरीनिमित्त राहिलेले एक ख्रिस्ती गृहस्थ, जे पूर्वीं माझ्या वर्गांत शिकत होते, ते मध्यंतरीं मजकडे आले. घराणें मूळचें नाशिककडील व अँग्लिकन परंपरेंतलें. मुलीचें लग्न ठरलें होतें. ते म्हणाले, "गुरुजी, सोनगिरास आमचें देऊळ नाहीं. पाळकांस इकडेच आणून अंगणांत लग्न लावतां येईल काय? आईचे पाय गेले आहेत. तिला धुळ्यापर्यंत नेणें कठीण."

जन्मभर गृह्यसूत्रें पढविलेल्या मजजवळ या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. तथापि प्रश्न स्थलाचा व लेखाचा होता, आणि स्थल व लेख हे तर आपल्या व्यासंगाचेच विषय होत. म्हणून कायद्याचें मूळ व प्रार्थनापुस्तक काढून वाचलें. त्यांतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. अँग्लिकन विवाहाची सारी जुळवाजुळव अखेर एका लेखांत येऊन थांबते. आणि तो लेख वधूवरांच्या गांवीं बहुधा नसतो. तो कोठें असेल हें कळण्यास विवाहाचे नियमच आधीं समजून घ्यावे लागतात. ते येथें संक्षेपानें मांडतों.

प्रथम पूर्वपीठिका. मुंबईच्या कोटांतील सेंट टॉमस मंदिर इ. स. १७१८ च्या नाताळांत उपासनेस खुलें झालें, आणि मुंबईस बिशपची गादी १८३७ सालीं स्थापन झाली. इंग्लंडांत गुप्त विवाहांचा सुळसुळाट झाल्यामुळें १७५३ सालीं लॉर्ड हार्डविक यानें कायदा करून जाहीर पुकार अथवा परवाना, दोन साक्षीदार व सह्यांची नोंदवही या गोष्टी आवश्यक केल्या. हा कायदा समुद्रापलीकडील विवाहांस लागू नव्हता. पुढें १८४४ सालीं लॉर्डांच्या सभेंत एका खटल्याचा असा निकाल लागला कीं, बिशपकडून दीक्षा न मिळालेल्या माणसानें लाविलेलें लग्न इंग्लंडच्या सामान्य कायद्यानें पुरें होत नाहीं. त्यामुळें हिंदुस्थानांतील अनेक विवाहांविषयीं शंका उत्पन्न झाली. ती दूर करण्यासाठीं १८५१ सालीं पार्लमेंटानें हिंदुस्थानांतील विवाहांकरितां निराळा कायदा केला. त्यानंतर आणखी कायदे होऊन अखेर १८७२ चा पंधरावा कायदा, म्हणजे भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, अमलांत आला. तो दुरुस्त्यांसह आजही चालू आहे.

आतां विवाह ठरल्यावर काय करावें लागे तें पाहूं. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणें लग्नाचा पुकार तीन रविवारीं उपासना चालूं असतां मंडळीसमक्ष होतो. वधू व वर निरनिराळ्या मंडळींतील असल्यास पुकार दोन्हीकडे करावा लागतो, व एकीकडे तो झाल्याचा दाखला दुसरीकडील पाळकास दाखवावा लागतो. कोणास कांहीं हरकत ठाऊक असेल तर ती त्यानें उघड बोलून दाखवावी, असें आवाहन प्रत्येक वेळीं केलें जातें. पुकार नको असल्यास बिशपचा परवाना काढावा. म्हणजे घाईचें लग्न म्हटलें तरी तीन रविवारांचा अवधि हाताशीं ठेवावा लागतो, अथवा परवान्यासाठीं लिहावें लागतें.

वेळेचा नियम कायद्याच्या दहाव्या कलमांत आहे. खास परवाना नसेल तर विवाह सकाळीं सहा ते सायंकाळीं सात यांच्या दरम्यान व्हावा. आपल्याकडील उन्हाळ्यांतला गोरज मुहूर्त या मर्यादेच्या अगदीं कांठावर येतो, व रात्रींचा मुहूर्त तर सर्वस्वीं बाहेर पडतो.

स्थलाचा नियम अकराव्या कलमांत आहे. ज्या मंदिरांत इंग्लंडच्या धर्मसभेच्या पद्धतीनें नित्य उपासना होते, त्यावांचून अन्यत्र त्या सभेच्या धर्मगुरूनें लग्न लावूं नये. यास अपवाद दोन : बिशपचा अथवा त्याच्या प्रतिनिधीचा खास परवाना असेल तर, किंवा त्या स्थलापासून जवळांत जवळच्या रस्त्यानें पांच मैलांच्या आंत तसें मंदिरच नसेल तर. सोनगिराकडे या कलमाच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे मौज दिसते. धुळ्यास मध्य कल्पून पांच मैलांचें वर्तुळ काढलें तर बारा मैलांवरचें सोनगीर त्याच्या पार बाहेर राहतें. अर्थात् धुळ्यांतील मंदिराच्या कारणानें सोनगिराच्या अंगणांतील लग्नास आडकाठी येत नाहीं. ब्रिटिश अमलांत रस्त्यावरच्या बंगल्यांत किंवा तंबूंत लग्नें कशीं लागूं शकत, त्याचें मर्म या अपवादांत आहे.

निषिद्ध नात्यांचा विचारही आधींच करावा लागे. आर्चबिशप पार्कर यानें १५६३ सालीं सिद्ध केलेल्या कोष्टकांत पुरुषास तीस व स्त्रीस तीस नातीं वर्ज्य सांगितलीं आहेत. आपल्या सगोत्र-सपिंड विचाराशीं तीं ताडून पाहण्यासारखीं आहेत. मामाची मुलगी त्या कोष्टकांत वर्ज्य नाहीं. दक्षिणेंतील आचाराशीं तें जुळतें. मात्र मृत पत्नीच्या बहिणीशीं विवाह त्यांत निषिद्ध होता. आपल्याकडे लहान मुलांच्या संगोपनासाठीं धाकट्या मेहुणीशीं लग्न करण्याची चाल अनेक ज्ञातींत आहे. त्या ज्ञातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबास हा निषेध किती जड गेला असेल, याची कल्पना करतां येते. खुद्द इंग्लंडांत तो कायद्यानें १९०७ सालीं उठला.

प्रत्यक्ष विधींत संस्कृतज्ञास ओळखीच्या अनेक गोष्टी भेटतात. ही कन्या कोण देतो, असें धर्मगुरु विचारतो व पित्याच्या किंवा आप्ताच्या हातून तिला घेतो. हें कन्यादानच होय. मग उभयतांचे उजवे हात एकमेकांत दिले जातात. हें पाणिग्रहण होय. वर मुदी पुस्तकावर ठेवतो व तिच्याबरोबर धर्मगुरु व त्याचा कारकून यांची रूढ देणगी ठेवतो. तिला दक्षिणा म्हणण्यास हरकत नसावी. नंतर मुदी वधूच्या डाव्या हाताच्या चौथ्या बोटांत घातली जाते. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत कित्येक ठिकाणीं मंगळसूत्रही असतें. परंतु साम्य येथेंच संपतें. आपल्या विवाहाची पूर्तता सातव्या पावलास होते व साक्षी अग्नि असतो. तेथें लेखाची अपेक्षा नाहीं. अँग्लिकन विवाहांत आशीर्वाद झाल्यावर सर्व जण नोंदवहीकडे वळतात.

या नोंदवहीचा नमुना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत दिला आहे. विवाहाची तारीख, उभयतांचीं नांवें, वय, अविवाहित किंवा विधुर-विधवा ही स्थिति, धंदा, विवाहसमयींचें राहण्याचें ठिकाण, पित्यांचीं नांवें, पुकारानें कीं परवान्यानें, वधूवरांच्या सह्या, दोन किंवा अधिक साक्षीदारांच्या सह्या व धर्मगुरूची सही, इतका मजकूर एका ओळींत सांठविला जातो. आपल्या जुन्या लग्नाच्या यादींत मानपान व देणेंघेणें तपशीलवार सांपडतें, पण वधूचें वय अथवा साक्षीदाराचें हस्ताक्षर क्वचित् मिळतें. या ओळींत नेमकें तेंच मिळतें.

आणखी महत्त्वाची गोष्ट ही कीं, हा लेख एकाच ठिकाणीं राहत नसे. धर्मगुरूनें वर्षांतून चार वेळां, प्रत्येक तिमाही संपल्यावर दोन आठवड्यांच्या आंत, त्या तिमाहीच्या नोंदींच्या दोन प्रती आर्चडीकनच्या प्रांताच्या रजिस्ट्रारकडे धाडाव्या, असा नियम होता. तेथून नकला पुढें जात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसच्या दप्तरांत मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांच्या नकला एन/३ या खुणेखालीं ठेविल्या असून त्या १७०९ पासूनच्या आहेत. येणेंप्रमाणें सोनगिराच्या बंगल्यांत लागलेल्या लग्नाचा मूळ लेख धर्मगुरूच्या वहींत, नक्कल मुंबईस व तिची नक्कल लंडनास, असा त्याचा प्रवास होई. सोनगिरास कांहींच उरत नसे.

एतद्देशीय ख्रिस्ती लोकांसाठीं त्याच कायद्याच्या सहाव्या भागांत याहून सोपी वाट होती. दोहोंपैकीं कोणाचा पूर्वींचा जोडीदार हयात नसावा, वर सोळा व वधू तेरा वर्षांहून मोठी असावी (आतां ही मर्यादा एकवीस व अठरा आहे), आणि सरकारी परवाना असलेल्या माणसासमोर दोन विश्वसनीय साक्षीदारांच्या समक्ष उभयतांनीं ठराविक शब्दांत एकमेकांचा स्वीकार करावा, एवढें पुरे असे. अशा परवानेदारानें आपली वही इंग्रजींत किंवा जिल्ह्यांत चालणाऱ्या देशी भाषेंत ठेवावी, असें कायदा सांगतो. म्हणजे मराठी वह्या लिहिण्यास कायद्याचीच मुभा होती. हस्तलिखितांचा संग्रह करणारांनीं हें वाक्य लक्षांत ठेवावें.

शोध घेणारानें प्रांतरचनेचे फेरही ध्यानांत घ्यावे. नाशिकचा स्वतंत्र बिशप-प्रांत १९२९ सालीं झाला. १९३० सालीं येथील धर्मसभा इंग्लंडच्या सभेपासून स्वतंत्र झाली. आणि १९७० च्या नोव्हेंबरांत नागपूर येथें उत्तर भारतीय मंडळी स्थापन होऊन जुनी अँग्लिकन सभा तींत विलीन झाली. प्रत्येक फेरीं दप्तरें हलण्याचा संभव असतो, व हललेल्या दप्तरास वाळवी लवकर गांठते.

भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिणारे राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच निवर्तले, व त्यांचा संग्रह धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळानें जतन केला आहे. ज्या जिल्ह्यानें महजर, वतनपत्रें व निवाडे गोळा केले, त्यानें ख्रिस्तमंदिरांतील विवाहाच्या वह्या परकीय म्हणून वगळाव्या, हें योग्य नाहीं. त्यांतील नांवें व गांवें आपलींच आहेत. पाळकांची परवानगी घेऊन निदान त्यांची यादी करावी, एवढीच सूचना आहे.

आतां त्या लग्नाचें सांगतों. कलमाचा अर्थ मीं त्या गृहस्थांस सांगितला, व अखेरचा शब्द पाळकांचा, असेंही सांगितलें. घरचा विचार ऐकून आजीबाईंनींच निकाल दिला : "देवळांतच लावा, मला खुर्चीसकट उचला." त्याप्रमाणें त्यांस गाडींतून नेलें. विधि झाल्यावर साक्षीदार म्हणून त्यांनीं वहींत अंगठा उठविला. मीं जवळ जाऊन पाहिलें. राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यांत वधूच्या नांवापुढें 'सोनगीर' असें स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें. सोनगिराच्या इतिहासाचें तें एक पान सोनगिराबाहेर राहिलें आहे. अशीं आणखी पानें जेथें असतील तेथें जाऊन तीं पाहिलीं पाहिजेत.