आंबील ओढा व कात्रजचे पाणी
पुण्याच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबील ओढा उत्तरेस वाहत मुठेस मिळतो. लांबी अल्प, उतार तीव्र. त्यामुळे पावसाळ्यात लोंढा व गाळ एकदमच येतात. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बांध घालून पाणी अडविले. गाळ तेथेच बसे आणि निवळलेले पाणी भुयारी नळाने, केवळ उताराच्या बळावर, शनिवारवाड्यास व शहरातील हौदांस पोहोचे. नळावरील उच्छ्वास पाहता योजकांस कोंडलेल्या हवेचीही जाण होती, असे म्हणावे लागते. पुढे काठी वस्ती दाटली, सांडपाणी मिसळले आणि पुण्यास पिण्याचे पाणी पुरविणारा हा प्रवाह गटारवजा झाला. डोंगराचा उतार मात्र बदलला नव्हता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच्या पुराने काठच्या वस्त्यांत मनुष्यहानी केली.