ध्वनिमुद्रणातील आवाजाची पातळी एकसारखी कशी करतात?

सांगली-ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) रस्त्यावरील आष्टा येथे एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत, अशी कल्पना करू. मायक्रोफोन प्रश्नकर्त्याजवळ असेल तर त्याचा प्रश्न खणखणीत उमटतो आणि आजोबांचे उत्तर क्षीण ऐकू येते. मोकळ्या जागेत मायक्रोफोनपासूनचे अंतर दुप्पट झाले, की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते.

ही अडचण ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे कर्ण्यातून मुद्रित झाले, तेव्हा विजेचे वर्धक नव्हते. त्यामुळे त्या काळी गायकालाच कर्ण्याच्या जवळ वा दूर व्हावे लागे. पुढे विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि नभोवाणी केंद्रांवर तंत्रज्ञ मापकाच्या काट्यावर नजर ठेवून हाताने पातळी सांभाळू लागले. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले, ते या हातकामाच्याच काळात. आता हे काम संगणक करतो.

सर्वात सोपी पद्धत म्हणजे ध्वनिलहरीचे सर्वोच्च शिखर ठरावीक मर्यादेला आणून संपूर्ण मुद्रण त्याच प्रमाणात वाढवणे. परंतु मध्येच कोणी जोरात खोकले असेल, तर शिखर त्या खोकल्याचे ठरते आणि बोलणे होते तसेच हळू राहते. शिवाय दोन व्यक्तींच्या आवाजातील तफावतही कायम राहते. म्हणून ‘कम्प्रेसर’ वापरतात. चारास एक हे प्रमाण ठेवल्यास मर्यादेपेक्षा १२ डेसिबलने अधिक असलेला आवाज केवळ ३ डेसिबलने अधिक उरतो. मोठा आवाज असा आवरल्यावर संपूर्ण मुद्रण उंचावता येते.

मात्र मापकाला दिसणारी पातळी आणि कानाला जाणवणारा मोठेपणा एक नव्हे. मानवी कान सर्व कंप्रतांना सारखाच प्रतिसाद देत नाही. हे लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली जाणवणारा मोठेपणा मोजण्याची प्रमाणित रीत ठरवली. तिच्या आधारे युरोपीय प्रक्षेपण संघाने २०१० साली उणे २३ ही पातळी कार्यक्रमांसाठी निश्चित केली. ‘ऑडॅसिटी’ या मोफत संगणकप्रणालीतही आज ही सोय आहे.

या उपायांनाही मर्यादा आहेत. क्षीण आवाज उचलताना पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची वाहनेही उचलली जातात. अतिरेक केल्यास बोलणाऱ्याचा क्षणभराचा विराम या गोंगाटाने भरून जातो आणि कंठ दाटून आल्याने खालावलेला स्वर सपाट होतो. मुद्रणाच्या वेळीच मर्यादा ओलांडून शिखरे छाटली गेली असतील, तर मूळ ध्वनी पूर्णपणे परत मिळवता येत नाही. म्हणून मायक्रोफोन उत्तर देणाऱ्याच्या जवळ, सुमारे वीतभर अंतरावर ठेवावा. मुद्रणाची पातळी थोडी कमी राखावी. सर्व संस्कार प्रतीवर करून मूळ मुद्रण अस्पर्श जतन करावे. वृद्धांच्या आठवणींचे मुद्रण पुन्हा करण्याची संधी मिळेलच, असे नाही.